म्हशीच्या जिभेत पांढरे दाणे दिसले. हा पट्टकृमीच का?

मरोळ गावठाण
११ डिसेंबर, रात्री ९.४०

आमच्या घरी नाताळच्या जेवणात मिठात मुरवलेली जीभ असते. आजीच्या काळी ती बैलाची असे. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६च्या कायद्यानेच बंद झाली होती आणि २०१५पासून बैल व वळू यांचीही बंद झाली. त्यामुळे मुंबईत आता 'मोठ्याचे' म्हणून जे मिळते ते म्हशीचे असते आणि आम्हीही तेच आणतो.

काल सकाळी बाजारातून सव्वा किलोची एक जीभ आणली. मीठ, लिंबाचा रस आणि चिमूटभर सोरा चोळण्यापूर्वी ती काट्याने सगळीकडून टोचावी लागते आणि मुळाकडची चरबी व घशाच्या बाजूचा भाग काढून टाकावा लागतो. तो भाग काढत असताना सुरीच्या पात्याखाली भाताच्या शितांसारखे पांढरे दाणे दिसले. मोजले तेव्हा सात भरले. बहुतेक आंबेमोहोराच्या दाण्याएवढे होते, एक-दोन मात्र त्याच्या दुपटीने लांब. माझी आई डुकराचे मांस घेताना 'दाणे नाहीत ना' असे विचारल्याशिवाय पिशवी पुढे करत नसे, ते आठवले आणि हात तिथेच थांबला.

पाच दाणे मिठाच्या पाण्यात घालून वाटीत ठेवले आहेत. उरलेले दोन, ते लक्षात येण्यापूर्वी, सवयीप्रमाणे चरबीच्या तुकड्यांबरोबर आमच्या मनीच्या पुढे गेले. मनी म्हणजे मांजर.

हा टेपवर्म, म्हणजे पट्टकृमी, आहे का, जीभ टाकून द्यावी की दोन-अडीच तास उकळल्यावर ती निर्धोक होते, आणि ज्या पाटावर ती कापली त्याच पाटावर दुपारी काकडी चिरली गेली त्याचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.


निवृत्त पशुवैद्य
११ डिसेंबर, रात्री १०.२५

ताई, जीभ टाकू नका आणि तूर्त शिजवूही नका; झाकून फ्रीजरमध्ये ठेवा. पाट गरम पाणी आणि साबणाने घासून उन्हात वाळवा, तेवढे पुरे आहे. आता मला दोन गोष्टी सांगा. दाणा पारदर्शक होता की दुधी? आणि सुरीचे टोक लागल्यावर त्यातून पाणी आले का?

हे विचारण्याचे कारण असे. गुरांच्या मांसातून माणसाला होणाऱ्या पट्टकृमीचे नाव टीनिया सॅजिनाटा. त्याचा पूर्ण वाढलेला जंत जगात एकाच ठिकाणी राहतो, आणि ते म्हणजे माणसाचे लहान आतडे. गाय, बैल, म्हैस हे त्याचे मधले यजमान. त्यांच्या स्नायूंत त्याची केवळ बाल्यावस्था असते. प्रौढ जंताची लांबी साधारण ४ ते १२ मीटर असते, म्हणजे चाळीच्या गच्चीवरून सोडला तर तळमजल्यापर्यंत यावा. शरीर हजार ते दोन हजार चपट्या खंडांचे, एकापुढे एक जोडलेले. शेपटाकडचे पिकलेले खंड गळून पडतात आणि त्यांतल्या प्रत्येकात हजारो, कधी कधी ८० हजारांच्या घरात अंडी असतात.

ज्या माणसाच्या पोटात हा जंत आहे तो उघड्यावर शौचाला बसला, किंवा त्याच्या घराचे सांडपाणी नाल्यात गेले आणि त्या नाल्याच्या पाण्यावर हिरवा चारा वाढवला गेला, की अंडी गवतावर बसतात. ओलसर जागी ती कित्येक आठवडे, अनुकूल हवेत महिनोन्‌महिने टिकतात. म्हशीने तो चारा खाल्ला की तिच्या आतड्यात अंडे फुटते, आतला सूक्ष्म भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि स्नायूत जाऊन बसतो. जे स्नायू सतत हलत असतात ते त्याला विशेष मानवतात: जबड्याचे, हृदयाचे, जिभेचे आणि श्वासपटलाचे. दहा-बारा आठवड्यांत तिथे एक सेंटिमीटरपर्यंतची, मोत्यासारखी, स्वच्छ पाण्याने भरलेली पुटी तयार होते. उजेडाकडे धरली तर तिच्यात एकच पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे आत उलटे वळून बसलेले डोके, आणि पुढचे सगळे मीटर त्या ठिपक्यातून निघतात.

अशी जिवंत पुटी कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसाबरोबर पोटात गेली तर दोन-तीन महिन्यांत माणसाच्या आतड्यात नवा जंत तयार होतो. लोक गुराकडे बोट दाखवतात, परंतु गुराला तो माणसाने दिलेला असतो, हे माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत मी किती जणांना सांगितले याची गणती नाही.


परळचा खाटीक
११ डिसेंबर, रात्री ११.०५

आमचा धंदा बोकडाचा, त्यामुळे जिभेतल्या दाण्यांविषयी अधिकाराने बोलणार नाही. पण बोकड सोलून पोट उघडले की जाळीला किंवा कलेजीच्या कडेला कधी कधी पाण्याचा फुगा लोंबताना दिसतो. लिंबाएवढा, आत पाणी आणि एक पांढरी गोळी. वडिलांपासूनची पद्धत अशी की तेवढा कापून फेकायचा आणि बाकीचे विकायचे. गिऱ्हाइकाला दाखवला तर गिऱ्हाईक पळते. डॉक्टरसाहेब, हाच का तो?


निवृत्त पशुवैद्य
१२ डिसेंबर, सकाळी ७.१५

तो निराळा. आपण वर्णन केलेला फुगा हा कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या टीनिया हायडॅटिजेना या पट्टकृमीची बाल्यावस्था आहे. माणसाला त्याचा संसर्ग होत नाही. तेवढा भाग काढून टाकला की मांस खाण्यास योग्य ठरते. आपल्या वडिलांची पद्धत बरोबर होती, फक्त 'फेकायचा' या शब्दापाशी मी अडतो. कुठे फेकायचा? दुकानाच्या मागच्या गल्लीत कुत्रा वाट पाहत बसलेला असतो, तो फुगा गिळतो, आणि त्याच्या विष्ठेतून अंडी पुन्हा बकऱ्यांच्या चाऱ्यावर जातात.

हाच मार्ग वापरणारा एक भाऊबंद मात्र माणसाला चांगलाच महागात पडतो. त्याचे नाव एकायनोकॉकस. कुत्र्याच्या पोटातला हा पट्टकृमी अवघ्या काही मिलिमीटरचा असतो, पण त्याच्या अंड्यांपासून म्हशीच्या, मेंढीच्या आणि माणसाच्याही यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात, ज्यांना हायडॅटिड म्हणतात. तो मांस खाऊन होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हाताने किंवा अन्नातून तोंडात गेल्याने होतो. म्हणून टाकाऊ फुप्फुस आणि कलेजी कुत्र्यांना कधीही कच्ची घालू नये.


गोरेगाव तबेला
१२ डिसेंबर, सकाळी ८.३०

आमच्या पारड्यांच्या शेणात पांढरे, शिजलेल्या भातासारखे तुकडे पडतात. हे तेच असेल तर दुधातून गिऱ्हाइकांना काही होईल का?


निवृत्त पशुवैद्य
१२ डिसेंबर, सकाळी ८.५०

नाही. तो मोनिएझिया, गुरांच्या स्वतःच्या आतड्यातला पट्टकृमी. गवतातले डोळ्यांना न दिसणारे माइट पोटात गेल्याने पारड्यांना होतो, माणसाला होत नाही आणि दुधातून तर मुळीच येत नाही. पारडी खंगत असतील तर आपल्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे औषध पाजून घ्या. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की शेणात दिसतो तो गुराचा आणि मांसात दिसतो तो माणसाचा, असे एक ढोबळ उत्तर मी तयारच ठेवले आहे.


मरोळ गावठाण
१२ डिसेंबर, सकाळी ९.१०

वाटीतले दाणे पुन्हा नीट पाहिले. पारदर्शक नाहीत, दुधी आहेत, आणि दोन्ही टोकांना निमुळते आहेत, सूत कातायच्या चातीसारखे. एकाला सुरी लावली. पाणी आले नाही, दह्यासारखा थोडा दाट पांढरा अंश पात्याला लागला. आत ठिपका दिसला नाही. आणखी एक गोष्ट, सगळे दाणे स्नायूच्या धाग्यांच्याच दिशेने झोपलेले होते, आडवा एकही नव्हता.


निवृत्त पशुवैद्य
१२ डिसेंबर, सकाळी ९.४५

हे वर्णन वाचून माझा जीव बराच भांड्यात पडला. अंतिम निदान शब्दांवरून करू नये, तरी आपण सांगितलेली सगळी लक्षणे पट्टकृमीच्या पुटीपेक्षा सार्कोसिस्टिस फ्युजिफॉर्मिसला जास्त जुळतात. हा जंत नव्हेच. तो एकपेशीय परजीवी आहे आणि हजारो पेशींनी भरलेली त्याची पिशवी डोळ्यांना तांदळाच्या दाण्यासारखी दिसते. म्हशींच्या अन्ननलिकेत, घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंत तो आपल्या देशात नेहमी आढळतो. माणसाला त्याचा संसर्ग होत नाही.

पट्टकृमीची पुटी जुनी होऊन मेली तर तीही पिवळसर, दाट आणि कधी चुनखडीसारखी कडक होते, म्हणून शंका पूर्ण फिटलेली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे इष्ट.


काचपट्टी
१२ डिसेंबर, दुपारी १.२०

मी वैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. ताई, दाणे मला पाठवलेत तर माझ्या परिचयाच्या, परजीवीशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना दाखवीन. तुम्ही ते मिठाच्या पाण्यात ठेवलेत ते बरे केले. अनेक लोक नमुना थेट फॉर्मॅलिनमध्ये किंवा, देवाशपथ, फिनाइलमध्ये घालून आणतात.

आमच्याकडे मांस येत नाही, माणसे येतात, तेव्हा त्या बाजूचे सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ औषधाच्या बाटलीत दोन पांढरे तुकडे घेऊन आले. लांबीला नखापेक्षा थोडे मोठे, कडा चौकोनी, आणि बाटली हातात घेतली तेव्हा त्यातला एक अजून आकसत-पसरत होता. सॅजिनाटाचे खंड असे स्वतःहून सरपटत बाहेर येतात आणि पुष्कळदा रुग्णाची तक्रार एवढीच असते की कपड्यात काहीतरी हलते. तो खंड दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबला आणि त्यात शाई सोडली की मधल्या गर्भाशयाच्या फांद्या झाडासारख्या उमटतात. त्या एका बाजूला १५ ते २० किंवा अधिक भरल्या तर गुरांचा सॅजिनाटा, ७ ते १३ भरल्या तर डुकराचा सोलियम. त्या दिवशी मी १८ मोजल्या. नुसती अंडी पाहून दोघांतला फरक सांगता येत नाही, ती हुबेहूब सारखी असतात; म्हणून तुकडा मिळाला तर फेकून देऊ नका, लाज बाजूला ठेवून घेऊन या.


संपादक
१२ डिसेंबर, दुपारी ३.००

गोवंश कायद्याच्या योग्यायोग्यतेविषयीचे चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. येथे मांस आणि आरोग्य एवढ्यापुरतेच लिहावे ही विनंती.


हिंदू कॉलनी
१२ डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहे आणि तरीही हा धागा मी पहिल्या प्रतिसादापासून वाचते आहे. माझ्या पुतणीला, वय वर्षे अकरा, मागच्या वर्षी शाळेतून परतताना अचानक झटका आला. एमआरआयमध्ये मेंदूत एक छोटी गोल गाठ दिसली आणि डॉक्टरांनी सांगितले की हा पट्टकृमीच्या डिंभाचा, म्हणजे त्याच्या बाल्यावस्थेचा, प्रकार आहे. ज्या मुलीने जन्मात अंडेसुद्धा खाल्लेले नाही तिच्या मेंदूत मांसातला किडा कसा गेला, हे कोडे आम्हाला सुटेना. सोसायटीतल्या बायकांनी ठरवून टाकले की कोबीतला किडा मेंदूत गेला, आणि त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर कोबी बंद आहे. डॉक्टरांना पुन्हा विचारण्याचा संकोच वाटला, म्हणून येथे विचारते.


शीव सर्कल
१२ डिसेंबर, रात्री ९.३०

मी कौटुंबिक डॉक्टर आहे. हिंदू कॉलनी, आपला प्रश्न या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गुरांचा सॅजिनाटा आणि डुकराचा सोलियम हे सख्खे भाऊ असले तरी त्यांच्यात एक भयंकर फरक आहे. सॅजिनाटाची अंडी माणसाच्या पोटात गेली तर काही होत नाही. ती गुरांसाठीच असतात. सोलियमची अंडी मात्र माणसालाही डुक्कर समजतात. ती पोटात गेली की डिंभ बाहेर पडून रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत जाऊन बसतात. मेंदूतल्या या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. जिथे हा जंत मुरलेला आहे अशा प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१४ साली त्या संघटनेने अन्न व कृषी संघटनेबरोबर अन्नातून पसरणाऱ्या परजीवींची क्रमवारी लावली, तेव्हा पहिला क्रमांक सोलियमला दिला होता.

आता नीट लक्षात घ्या. दाणेदार डुकराचे मांस कच्चे खाल्ले तर आतड्यात लांब जंत होतो, मेंदूत थेट काही जात नाही. मेंदूचा आजार होतो तो अंड्यांमुळे, आणि अंडी येतात ती आतड्यात जंत बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून. म्हणजे मांस एकाने खावे आणि झटका दुसऱ्याला यावा, अशी ही तऱ्हा आहे. त्या माणसाचे हात नीट धुतलेले नसले तर त्याने वाढलेल्या थंड पदार्थातून, किंवा सांडपाण्यावर पिकवलेल्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीतून अंडी कोणाच्याही तोंडात जाऊ शकतात. रेल्वेरुळांच्या कडेला वाढलेला पालक आपण सगळ्यांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेला आहे. त्याला कोणते पाणी मिळते तेही पाहिलेले आहे.

कोबीतली हिरवी अळी ही पतंगाची अळी असते. ती दिसायला किळसवाणी असेल, मेंदूत जात नाही. पट्टकृमीचे अंडे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढे असते आणि ते कोबीवर, कोथिंबिरीवर, काकडीवर सारखेच बसू शकते. डोळ्यांनी दिसत नाही, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मरत नाही. शिजवल्याने निश्चित मरते. कच्चे खायचे ते पान पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. कोबी शिजवून खाणाऱ्या घराने कोबी बंद करून काहीच साधलेले नाही, आणि कोशिंबीर मात्र बहुधा चालूच असेल.

घरातल्या सगळ्यांची, म्हणजे आजी-आजोबांपासून स्वयंपाकाच्या ताईंपर्यंत, शौचाची तपासणी करून घेणे योग्य. सगळ्यांची म्हणतो ते जाणूनबुजून. माझ्या अनुभवात अशा घरांत पहिल्याच दिवशी कामवाल्या बाईंना काढून टाकले जाते आणि तपासणी कोणाचीच होत नाही.


हिंदू कॉलनी
१२ डिसेंबर, रात्री १०.४५

आपण लिहिले ते वाचून मान खाली गेली, कारण आम्ही नेमके तेच केले होते. उद्या त्यांना फोन करते.

एक विचारायचे राहिले. शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी देतात, ती पुतणीनेही घेतली होती. मग तरीही?


शीव सर्कल
१२ डिसेंबर, रात्री ११.१०

ती अल्बेंडाझोलची एक गोळी. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची ही मोहीम २०१५ साली सुरू झाली ती प्रामुख्याने गोल जंत, अंकुशकृमी वगैरेंसाठी, आणि त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. पट्टकृमी एका मात्रेने हमखास जात नाही. त्याच्यासाठी प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड वापरतात. पण दुकानातून स्वतःच्या मनाने प्राझिक्वांटेल आणून घेऊ नका. मेंदूत गाठी असतील तर औषधाने मरणाऱ्या डिंभांभोवती सूज येऊन झटके वाढू शकतात. म्हणून कधी, किती आणि सोबत काय द्यायचे हे डॉक्टर ठरवतात.


अदिसचे दिवस
१३ डिसेंबर, सकाळी ७.५०

मी बोरिवलीत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. सत्तरच्या दशकात अनेक भारतीय शिक्षकांप्रमाणे मीही इथिओपियात नोकरी केली. तिकडे सणावारी ताजे कच्चे गोमांस खाण्याची रीत आहे; बारीक चिरून लोणी-मसाला लावलेल्या प्रकाराला किटफो म्हणतात. पाहुणा म्हणून ताटात आले तेव्हा शाकाहारी असल्याचे सांगून सुटलो. पट्टकृमी तिकडे इतका घरोब्याचा की त्याला आणि त्यावर उतारा म्हणून ज्या झाडाची फुले घेत त्या झाडाला एकच नाव आहे, कोसो. माझे शेजारी ठरावीक महिन्यांनी एक दिवस घरात बसून तो काढा घेत आणि दुसऱ्या दिवशी, आपण एकादशी सोडावी तसे, पुन्हा मांसाकडे वळत.

जाता जाता, गुरांच्या दाणेदार मांसाचा आणि या जंताचा संबंध प्रत्यक्ष निरीक्षणाने दाखवला गेला तो आपल्याच उपखंडात. जे. एच. ऑलिव्हर यांनी १८६९च्या सुमारास पंजाबात तो नोंदवला आणि इटलीच्या पेरोंचितो यांनी १८७७मध्ये त्याला दुजोरा दिला.


वांद्रे कार्टर रोड
१३ डिसेंबर, दुपारी १२.१५

आमच्याकडे रविवारी अंडरकटचे स्टेक होतात आणि मुलांना ते आतून गुलाबी हवे असतात. सीग कबाब तर सगळेच खातो. शिक्का मारलेल्या, तपासलेल्या मांसालाही हा धोका असतो का?


निवृत्त पशुवैद्य
१३ डिसेंबर, दुपारी २.४०

कमी असतो, शून्य नसतो. का ते सांगतो.

१९७१ साली देवनारला महापालिकेचा कत्तलखाना सुरू झाला. त्याआधी शहराचा कत्तलखाना आपल्या वांद्र्यातच होता. अधिकृत कत्तलखान्यात जनावर कापण्यापूर्वी आणि नंतर अशी दोनदा तपासणी होते. नंतरच्या तपासणीत पशुवैद्य जबड्याच्या स्नायूंना सुरीने समांतर छेद देतो, पुस्तकाची पाने उलटावीत तसे थर उघडतो, हृदय चिरून पाहतो, जीभ हाताने चाचपतो, श्वासपटल उजेडाकडे धरतो. पुट्या सर्वत्र पसरलेल्या असतील तर सबंध जनावर बाद होते. एखाद-दुसरी असेल तर तो भाग काढून बाकीचे मांस गोठवण्यासाठी जाते, कारण उणे १० अंश सेल्सिअसला दहा दिवस ठेवल्यावर पुटी जिवंत राहत नाही.

२००१च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. मी ज्या ठिकाणी नोकरी केली त्याचे नाव घेत नाही, पण सणाच्या आदल्या दिवशी ती पाच मिनिटे कशी आक्रसतात ते मी स्वतःच्या मनगटाने अनुभवले आहे. आणि वेळ पुरेसा मिळाला तरी, चारशे किलोच्या जनावरात तीनच पुट्या असतील तर त्या माझ्या छेदांच्या वाटेत येतीलच असे नाही. हलका संसर्ग निसटतो, हे या तपासणीचे जगभर मान्य झालेले उणेपण आहे. गल्लीत चोरून कापलेल्या जनावराला तर ही पाच मिनिटेही मिळत नाहीत. शिवाय शिक्का असतो तो अख्ख्या धडावर. आपल्या पिशवीतल्या बिनहाडाच्या अंडरकटवर तो शोधून सापडणार नाही, तेव्हा दुकानच माहितीचे आणि परवान्याचे असावे.

उरलेले काम चुलीचे. पुटी साधारण ६० अंशांच्या आसपास मरते. अखंड तुकडा मध्यभागी ६३ अंशांपर्यंत तापवून तीन मिनिटे तसाच ठेवावा, खिमा ७१ अंशांपर्यंत. हे घड्याळ पाहण्याचे काम नव्हे, तापमापक खुपसण्याचे काम आहे. गुलाबी स्टेक हवाच असेल तर मांस आधी डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना दहा-बारा दिवस ठेवा; एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्याचा मात्र भरवसा धरू नका, तो दिवसातून वीसदा उघडतो. निहारीविषयी मला चिंता नाही, रात्रभर शिजलेल्या देगीत काही उरत नाही. चिंता आहे ती सीग कबाबची: बाहेरून निखाऱ्याने काळा आणि सळईलगत थंडगार. तोडून पाहा, आत लाल दिसला तर परत पाठवा. कबाबवाला चिडेल. चिडू द्या.


परळचा खाटीक
१३ डिसेंबर, संध्याकाळी ५.३०

आजपासून पाण्याच्या फुग्यांसाठी झाकणाची बादली ठेवली आहे. गल्लीतला लाल्या दिवसभर तिच्याभोवती फिरून गेला.


काचपट्टी
१६ डिसेंबर, रात्री ८.१५

ताईंचे दाणे बाईंनी पाहिले. एक दाणा काचपट्टीवर फोडून आतल्या अंशाचा पातळ थर दिला, रंगवला, आणि भिंगाखाली केळ्याच्या फण्या सांडाव्यात तशा असंख्य वाकड्या, निमुळत्या पेशी दिसल्या. दुसरा दाबून पाहिला. चार शोषकांचे डोके, जे पट्टकृमीच्या पुटीत दिसायला हवे, ते कुठेही नव्हते. तिसराही तसाच. म्हणजे सार्कोसिस्टिस फ्युजिफॉर्मिस, डॉक्टरसाहेबांनी म्हटल्याप्रमाणे. बाईंनी मला पाच मिनिटे भिंगाला डोळा लावू दिला, त्याबद्दल ताईंचेही आभार.


निवृत्त पशुवैद्य
१६ डिसेंबर, रात्री ८.५०

उत्तम. ताई, दाण्यांचा भाग कापून टाका, जीभ मुरवा आणि नेहमीप्रमाणे उकळा, निःशंक खा.

आता मनीविषयी, कारण पहिल्या दिवसापासून माझे लक्ष त्या दोन दाण्यांवर आहे. या परजीवीचा अंतिम यजमान मांजर आहे. कच्च्या मांसातला दाणा मांजराच्या पोटात गेला की काही दिवसांनी तिच्या विष्ठेतून त्याची बीजे पडू लागतात, ती चाऱ्यावर गेली की म्हशीच्या पोटात, आणि तिथून पुन्हा जिभेत. मांसबाजारात प्रत्येक ठेल्याखाली एक मांजर बसलेली असते, तिला कसाई कौतुकाने तुकडे टाकतो, आणि दाणे म्हशींच्या घशातून हटत नाहीत. मनीला स्वतःला बहुधा काहीही त्रास होणार नाही. तिला यापुढे तुकडे उकडून घाला.


मरोळ गावठाण
२६ डिसेंबर, दुपारी ४.२०

सर्वांचे मनापासून आभार. जीभ नऊ दिवस मुरली, अडीच तास उकळली, साल सोलून पातळ काप केले आणि काल दुपारपर्यंत ताट रिकामे झाले. सासूबाईंना दाण्यांची हकिगत जेवणानंतर सांगितली.

मनीला त्या दिवसापासून सगळे उकडूनच घालते आहे. पहिले तीन दिवस तिने वाटी हुंगून पायाने झाकण्याचा अभिनय केला, चौथ्या दिवशी शेजाऱ्यांकडे जेवली. काल जिभेचे साल मात्र उकडलेले असूनही खाल्ले.